ताई, गाडी चालवणार तुम्ही, मग इंजिन बाकीच्यांनी का ठरवायचं?

कराडहून एका शिक्षिका ताईंचं पत्र आलंय, लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगतो. घरात पाच माणसं, ताई, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. मिस्टर कोल्हापूरला नोकरीला, शनिवारी घरी येतात, त्यामुळे आठवडाभर गाडी ताईंच्याच हातात राहणार. शाळा पाटण रोडला १४ किलोमीटरवर, म्हणजे रोजचे २८, महिन्यातून एकदा पुण्याला माहेरी, आणि गणपती, शिमगा, मे महिना असं तीनचारदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या पुढे सासरच्या गावी. बजेट ऑनरोड नऊ, फार तर सव्वानऊ लाख. टाटाची नवीन अल्ट्रोझ बघून आलेत आणि गाडी आवडलीय, पण तिच्यात पेट्रोल, सीएनजी, डिझेल तिन्ही मिळतं म्हटल्यावर घरात वाद सुरू झाले. मिस्टर म्हणतात सीएनजी, भाऊ म्हणतो घाट आहे तर डिझेलच, शेजारचे म्हणतात तीन सिलिंडरची गाडी घेऊच नका, थरथरते, त्यापेक्षा मारुतीची बलेनो घ्या, आणि शाळेतल्या सहकारी म्हणतात मारुतीचीच नवीन स्विफ्ट. आणि मग शेवटी ताईंचं स्वतःचं एकच वाक्य आहे: "मला चढावर क्लच-ब्रेकचं अजून नीट जमत नाही, गाडी मागे येते, घाबरायला होतं, पण ऑटोमॅटिकचा विषय काढला की हे म्हणतात अॅव्हरेज कमी पडतं."

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मला त्यातलं ते शेवटचं वाक्यच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. बाकीचं सगळं आकड्यांचं काम आहे, ते करूच, पण जो माणूस महिन्यातले पंचवीस दिवस स्टेअरिंगवर बसणार आहे त्याला गाडी चालवताना भीती वाटत असेल तर त्या भीतीला या हिशेबात पहिली जागा मिळायला हवी.

आधी मिस्टरांचा मुद्दा घेतो कारण तो चुकीच्या माहितीवर उभा आहे. ऑटोमॅटिक म्हणजे अॅव्हरेज कमी पडतं हे जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकबद्दल खरं होतं. तुमच्या बजेटमध्ये जी येते ती एएमटी, आणि एएमटी म्हणजे आपला नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर आणि कॉम्प्युटर करतात. गिअर तेच, क्लच प्लेट तीच, मग पेट्रोल जास्त कुठे जाणार. कंपनीचेच आकडे बघा ना, नवीन स्विफ्ट मॅन्युअलला २४.८० आणि एएमटीला २५.७५, बलेनो मॅन्युअल २२.३५ आणि एएमटी २२.९४. एएमटीचा आकडा उलट जास्त आहे. आता हे आकडे प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढतात, पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे तिथे अशा टेस्ट होतात, रस्त्यावर तेवढं कुणालाच पडत नाही, पण दोन्ही आकडे एकाच पद्धतीने काढलेले असल्यामुळे तुलना करायला चालतात. हा परिच्छेद मिस्टरांना वाचून दाखवा.

आता किमती, आणि यातली एक गोष्ट समजून घेतली तर बाजारातल्या सगळ्या हॅचबॅक अशा एकसारख्या का दिसतात तेही कळेल. आपल्याकडे छोट्या गाडीची सरकारी व्याख्या अशी आहे की लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल किंवा सीएनजी असेल तर इंजिन १२०० सीसीच्या आत आणि डिझेल असेल तर १५०० सीसीच्या आत. म्हणून अल्ट्रोझ ३९९० मिलिमीटर, बलेनो ३९९०, ह्युंदाईची आय२० ३९९५, आणि पेट्रोल इंजिन ११९७ किंवा ११९९ सीसी. २२ सप्टेंबर २०२५ पासून या छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला, आधी सेस धरून पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ टक्के पडायचा. त्यामुळे अल्ट्रोझ मे २०२५ ला आली तेव्हा ६.८९ लाखांपासून होती ती ६.३० वर आली, बलेनो ५.९९ पासून, स्विफ्ट ५.७९ पासून. हे सगळे एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा न धरता, आणि सगळ्यात खालच्या व्हेरिएंटचे, जाहिरातीत तेवढेच मोठ्या अक्षरात छापतात. तुमच्यासाठी मी अल्ट्रोझचं प्युअर व्हेरिएंट धरतो कारण बजेटमध्ये तेच बसतं आणि ते पेट्रोल, एएमटी, सीएनजी, डिझेल चारही प्रकारात मिळतं. लॉन्चच्या किमतीत जीएसटीची कपात धरली तर पेट्रोल मॅन्युअल साधारण सात लाख, पेट्रोल एएमटी साडेसातच्या थोडं वर, सीएनजी आठ आणि डिझेल आठ लाख दहा हजार. कंपन्या मध्येमध्ये दर बदलत असतात तेव्हा शोरूमकडून ताजं कोटेशन घ्याच, पण एकमेकांतला फरक साधारण असाच राहतो.

यावर आपला रोड टॅक्स. महाराष्ट्रात दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३, आणि सीएनजीला १ जुलै २०२५ पासून ८ टक्के. म्हणजे डिझेल आणि सीएनजी एक्स-शोरूमला जवळजवळ सारखे दिसतात पण आरटीओला गेल्यावर त्यांच्यात चाळीस हजारांचं अंतर पडतं. विमा, फास्टॅग वगैरे धरून माझ्या हिशेबाने पेट्रोल मॅन्युअल ८.२ लाख, एएमटी ८.८, सीएनजी ९.१, डिझेल ९.६ असं ऑनरोड जाईल. डिझेल तुमच्या बजेटच्या बाहेर इथेच जातं, पण तुमच्या भावाचा मुद्दा फक्त बजेटमुळे बाजूला टाकलाय असं नको वाटायला, म्हणून वापराचाही हिशेब करूया.

शाळेचे महिन्याला सातशे किलोमीटर, पुणे जाऊन-येऊन सव्वातीनशे, म्हणजे हजार धरू. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९१, सीएनजी ९० रुपये किलो असं धरू, तुमच्या पंपावरचा दर वेगळा असेल तर तो घाला. रस्त्यावरचं खरं अॅव्हरेज पेट्रोलला १७, डिझेलला २०, सीएनजीला किलोला २४. म्हणजे महिन्याचा खर्च पेट्रोलचा सहा हजारांच्या थोडा वर, डिझेलचा साडेचार हजार, सीएनजीचा पावणेचार हजार. डिझेलने महिन्याला सोळाशे वाचतात आणि गाडीला वर एक लाख चाळीस हजार जास्त गेलेले असतात, ते फिटायला सात वर्षं लागतात, त्यात डिझेलची सर्व्हिस महाग ती वेगळीच. आणि अजून एक, बीएस६ म्हणजे सध्याच्या प्रदूषण नियमांतल्या डिझेलला धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर असतो, त्यात साठलेली काजळी जाळायला इंजिन चांगलं गरम होऊन गाडी मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ एका वेगात चालावी लागते. तुमचं रोजचं १४ किलोमीटर, त्यात अर्धं गावातून, तिथे ते नीट होत नाही आणि मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. भाऊ घाटाबद्दल जे म्हणतो ते मात्र खरं आहे, त्या डिझेलला २०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, आहे आणि पेट्रोलला ११५, पाच माणसं आणि सामान घेऊन कुंभार्ली चढताना हा फरक पायाला कळतो. महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटर असते, त्यात हायवे जास्त असता तर मी पण डिझेलच म्हणालो असतो, आणि हॅचबॅकमध्ये आता डिझेल फक्त अल्ट्रोझमध्येच उरलंय. पण वर्षातून तीनचार वेळच्या घाटासाठी रोजचा त्रास आणि दीड लाख, हे तुमच्या वापराला बसत नाही.

सीएनजीचा हिशेब मात्र खरंच चांगला आहे आणि मिस्टर तिथे बरोबर आहेत. महिन्याला चोवीसशे वाचतात, वरचे नव्वद हजार तीन वर्षांत फिटतात आणि नंतर सगळा फायदाच. अल्ट्रोझमध्ये तीस-तीस लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्यात त्यामुळे सीएनजी असूनही २१० लिटर डिकी उरते, स्विफ्टच्या सीएनजीत एकच मोठी टाकी आहे आणि डिकीत एक बॅग ठेवायची म्हटलं तरी पंचाईत. ताकद कमी होते, ८८ पीएसची ७३.५ होते, पण घाटात बटण दाबून पेट्रोलवर घ्यायची की झालं. दर तीन वर्षांनी टाक्यांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करून घ्यावी लागते ते लक्षात ठेवायचं. आणि पंपावरची रांग. हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं म्हणून सांगतो, शाळा सुटल्यावर ज्या वेळेला तुम्ही परत येणार त्याच वेळेला तुमच्या वाटेवरच्या सीएनजी पंपावर एकदा जाऊन बघा किती गाड्या उभ्या आहेत, रिक्षा किती आहेत. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास रांगेत तुम्ही उभ्या राहणार, मिस्टर नाही, ते शनिवारी येणार.

पण अडचण अशी की अल्ट्रोझचं सीएनजी मी जे धरलंय ते मॅन्युअल आहे, बलेनो आणि स्विफ्टचं सीएनजीही मॅन्युअलच. सीएनजी आणि एएमटी दोन्ही एकत्र हवं तर टाटाचीच छोटी टियागो आहे, फेब्रुवारी २०२४ पासून मिळते, तिघांना छान गाडी आहे, पण सासूबाई आणि दोन वाढती मुलं मागे बसून कोकणात जाणार असतील तर तुम्हाला ती लहान पडेल. म्हणजे खरा प्रश्न असा उरतो, महिन्याला चोवीसशे रुपये वाचवायचे की चढावरची भीती घालवायची. चोवीसशे ही लहान रक्कम नाही, शिक्षकाच्या घरात तर नाहीच, पण मी हे पैसे भीती घालवायला घालीन. कारण मी असं खूप घरांमध्ये बघितलंय की गाडी बाईसाठी म्हणून घेतली जाते आणि सहा महिन्यांनी ती झाकून उभी असते, बाई परत एसटीने नाहीतर स्कूटरने जाते, कारण एकदा चढावर मागे गेली, मागच्याने हॉर्न वाजवला, कुणीतरी खिडकीतून बोललं, आणि मग हात लावायचीच इच्छा राहिली नाही. असं झालं तर सीएनजीचे वाचणारे चोवीसशेही वाचत नाहीत, वर हप्ता चालूच.

एएमटी घेतली म्हणजे चढावर सगळं आपोआप होतं असंही समजू नका, हे नीट वाचा. एएमटीत क्लच पेडल नाही म्हणून गाडी बंद पडणार नाही, एवढी भीती गेली. पण उभ्या चढावर ब्रेक सोडून अॅक्सिलरेटरवर पाय नेईपर्यंत ती थोडी मागे येऊ शकते, हिल होल्ड असेल तर ते एकदोन सेकंद धरून ठेवतं. तुम्ही जो व्हेरिएंट घेणार त्यात हिल होल्ड आहे का ते सेल्समनकडून कोटेशनवर लिहून घ्या, वरच्यात असतं आणि खालच्यात नसतं असं होतं. नसेल तर हँडब्रेक ओढायचा, अॅक्सिलरेटर हलका द्यायचा, गाडी ओढायला लागली की हँडब्रेक सोडायचा, चार दिवस रिकाम्या रस्त्यावर सराव केला की बसतं हातात. चढावर ट्रॅफिकमध्ये अॅक्सिलरेटर थोडा दाबून गाडी जागेवर तोलून धरायची नाही, आतला क्लच जळतो आणि तो खर्च मोठा असतो. कुंभार्ली उतरताना मॅन्युअल मोडवर घ्यायची, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या ब्रेकवर उतरायचं, नुसता ब्रेक दाबत राहायचं नाही आणि न्यूट्रल तर कधीच नाही. गिअर बदलताना एएमटी किंचित मान डोलावते, सगळ्यांना ते पहिल्यांदा खटकतं, त्या वेळेला पाय थोडा सैल केला की जातं. आय२० ची आयव्हीटी यापेक्षा खूप मऊ चालते आणि अल्ट्रोझमध्ये डीसीए पण आहे, दोन्ही वेगळ्या प्रकारचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दोन्ही मस्त, पण दोन्ही तुमच्या बजेटच्या वर, म्हणून तिकडे जात नाही.

आता तीन सिलिंडरचं. शेजारच्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, जोर बराचसा एकमेकांत जिरतो. तीनमध्ये तशी जोडी जमत नाही म्हणून इंजिन किंचित डुलतं, सिग्नलला उभं असताना सीटला, स्टेअरिंगला ते जाणवतं. पण त्याने इंजिन लवकर खराब होतं वगैरे काही नाही, उलट एक सिलिंडर कमी म्हणजे घर्षण कमी, म्हणून तर मे २०२४ ला आलेल्या नवीन स्विफ्टमध्ये मारुतीनेच चार सिलिंडरचं ९० पीएसचं इंजिन काढून तीन सिलिंडरचं ८२ पीएसचं बसवलं. म्हणजे तीन सिलिंडर नको म्हणून अल्ट्रोझ सोडायची आणि स्विफ्ट घ्यायची याला अर्थ नाही, दोन्ही तीनचीच. खरोखर चार हवेत तर बलेनो किंवा आय२०. माझं मत असं की बलेनोचं इंजिन या सगळ्यांत गोड आहे, शांत आहे, आणि गाडी हलकी असल्यामुळे पळते पण छान. अल्ट्रोझ हजार किलोच्या वर आहे आणि पेट्रोल इंजिन ८८ पीएसचं, भरलेल्या गाडीला घाटात ती दम टाकते, गिअर खाली घेऊन इंजिन ओरडू द्यावं लागतं, हे मी लपवणार नाही.

स्विफ्ट मी तुमच्यासाठी बाजूला ठेवतो, गाडी चालवायला मजेची आहे आणि सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटमध्ये आहेत, पण मागची सीट अरुंद, खिडकी वर चढत गेलेली, डिकी २६५ लिटर, सासूबाईंना कोंडल्यासारखं होईल. उरल्या बलेनो डेल्टा एएमटी आणि अल्ट्रोझ प्युअर एएमटी. बलेनो तीस-चाळीस हजारांनी स्वस्त पडेल, सर्व्हिस सेंटर कुठेही मिळतं, अॅव्हरेज चांगलं. डिकी बलेनोची ३१८, अल्ट्रोझची ३४५, फार फरक नाही. पण दोन गोष्टींसाठी मी अल्ट्रोझकडे झुकतो. एक म्हणजे सुरक्षा, अल्ट्रोझला जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाडी आपटून घेतात त्या सुरक्षा चाचणीचे, पाच तारे मिळाले होते आणि या नवीन मॉडेललाही भारत एनकॅपचे पाच मिळालेत, बलेनोला भारत एनकॅपचे चार. चार वाईट नाहीत, आधीच्या मानाने बलेनो खूप सुधारलीय, पण पुणे हायवेवर खंबाटकीला ट्रेलरच्या मधून मुलांना घेऊन तुम्ही जाणार म्हटल्यावर मला तो एक तारा जास्तीचा हवासा वाटतो. दुसरं, तुम्ही लिहिलंय की सासूबाईंचे गुडघे दुखतात. अल्ट्रोझची दारं पूर्ण ९० अंशात उघडतात, पाय वाकवून, अंग चोरून आत शिरावं लागत नाही. ही गोष्ट कागदावर बारीक दिसते पण ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना विचारा.

तेव्हा आता एक करा. शनिवारी मिस्टर आले की पाचही जण जा, दोन्ही शोरूमला, सासूबाईंना घरी ठेवू नका. टेस्ट ड्राइव्ह शोरूमने ठरवलेल्या सपाट रस्त्यावर घेऊ नका, आधीच फोन करून सांगा की चढ हवाय आणि एएमटीच गाडी हवी, मॅन्युअल चालवून एएमटी बुक करायची नाही. पाचही जण आत बसा, एसी चालू, आणि चालवायला तुम्ही बसा. अर्ध्या चढावर थांबा, परत निघा, तीनचारदा करा, सेल्समनला घाई असली तरी करा. अल्ट्रोझ तुम्हाला तिथे फारच सुस्त वाटली, पाय दाबूनही पुढे सरकेना असं वाटलं, तर बलेनो घ्या आणि मनात काही ठेवू नका, ती पण चांगलीच गाडी आहे. सासूबाईंना दोन्हीत दोनदा उतरायला-चढायला लावा.

पैशाचं बोलताना कोटेशन तुकड्यातुकड्यात मागा, एक्स-शोरूम वेगळं, आरटीओ वेगळा, विमा वेगळा, अॅक्सेसरीज वेगळ्या. हँडलिंग चार्जेस म्हणून काही लावलं असेल तर ते काढायला सांगा, ते द्यायचं कारण नाही. विमा शोरूमचाच घ्यायला हवा अशी सक्ती नसते, नवीन गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी घ्यावाच लागतो आणि तुमच्या इंजिनला त्याचा ठरलेला दर १०,६४० रुपये अधिक जीएसटी आहे, तो कुठेही तेवढाच, पण बाकीच्या भागात बाहेर आणि शोरूममध्ये बराच फरक निघतो. बाहेरचं एक कोटेशन हातात घेऊन गेलात की शोरूमवाले पण खाली येतात. झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्टचा घसारा कापत नाहीत तो विमा, मात्र घ्या, पहिली गाडी आहे, खरचटणार. सीट कव्हर, मॅट, फिल्मच्या पॅकेजला तिथल्या तिथे हो म्हणू नका. आणि बुकिंगचे पैसे देण्याआधी गाडी कुठल्या महिन्यात बनलीय ते व्हीआयएन म्हणजे गाडीच्या ओळख नंबरवरून विचारा, मागच्या वर्षी बनलेली असेल तर घासाघीस करायला तुम्हाला जागा आहे.

मिस्टर तरी सीएनजीवरच अडले तर त्यांना रविवारी सकाळी मॅन्युअल गाडीत तुमच्या शेजारी बसवा आणि ज्या चढावर तुम्हाला भीती वाटते तिथे घेऊन जा. ते बघून मग बोलू देत. आणि कोटेशन आली की मला पाठवा, कुठला आकडा फुगवलाय ते बघून सांगतो.